काळी दोन

"छान. आता हेच काळी दोनमध्ये वाजव."

सर एवढंच म्हणाले आणि माझा डावा हात कीजवरनं उठून वर डाव्या कोपऱ्यात गेला. बटन शोधायला.

लाकडाचा पियानो. त्याला बटन कुठलं असणार. तिथं नुसतं पॉलिशचं गुळगुळीत लाकूड, आणि माझी बोटं त्यावर चाचपडतायत. मला कळायच्या आधी खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

आधी कुणीतरी नाकातनं हसलं. मग सरांचा मुलगा ईशान म्हणाला, "काय शोधतेयस? बटन? खाली पडलं असेल, स्टूलाखाली बघ."

आणि मी खरंच खाली बघितलं.

झालं. सगळी खोली फुटली. एक मुलगी तर हसता हसता भिंतीला टेकली. सर पण हसले. नंतर त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप केलं, पण आधी पोटभर हसून घेतलं.

हे टाइप करताना पण माझे कान तापलेत. पण आज सांगणार. मधे थांबले तर परत गिळून बसेन, म्हणून येईल तसं लिहितेय.

बटनाचं आधी सांगते, म्हणजे तुम्हाला कळंल मी येडी न्हवते.

आम्ही तासगावचे. बौद्ध. पप्पांची बेंजो पार्टी आहे. नाव बेंजो पार्टी, पण बेंजो कधीच माळ्यावर गेला. आता टेम्पोवर कॅसिओ, ठेक्याला ऑक्टोपॅड, खाली ढोल-ताशा, आणि माईकवर पप्पा गातात. वरात, हळद, जयंती. कॅसिओवर आधी माझा चुलता बसायचा. तो साताऱ्याला एमआयडीसीत लागला, मग मी बसले. पप्पांचा घसा रोज वेगळा. आदल्या दिवशी वरातीत ओरडलेत की दुसऱ्या दिवशी टेम्पोत चढतानाच सांगणार, "आज काळी एक धर गं, घसा बसलाय." कधी पांढरी चार. म्हणजे कुठल्या कीवर सा धरायचा ते. आमच्यात हे कोण हातानं बदलत बसत नाही. कॅसिओवर डाव्या कोपऱ्यात पट्टी बदलायचं बटन असतं. ते दाबायचं आणि बोटं आपली पहिल्याच जागेवर, पांढऱ्या कीजवर. आवाज बदलतो, हात बदलत नाही. आमच्या भागातले सगळे कॅसिओवाले असंच वाजवतात. आणि शेवटच्या गाण्याला पोरं नाचून घामाघूम झाली की पप्पा एक बोट वर करतात. मी बटन दाबते, पट्टी एक घर वर चढते, आणि पोरं पिसाळतात. परत बोट. परत एक घर. वरात अशीच तापवायची असते.

जॅझ मी फोनवर शिकले. एका व्हिडिओत एक काळे आजोबा पियानोवर बसलेले, डोळे मिटून. त्यांनी एक कॉर्ड दाबला आणि मी भांडी घासायची थांबले. तो कॉर्ड धड आनंदाचा नव्हता, धड दुःखाचा नव्हता. मी तो परत परत लावला. नंतर वाचलं की ही माणसं ज्या हॉटेलांत वाजवायची, त्याच हॉटेलांत त्यांना पुढच्या दारानं आत घेत नव्हते. मला काय ते नवीन वाटलं नाही.

तो कॉर्ड नववा होता. नाइन. मला आधी झेपेचना. सात स्वर, मग नववा आला कुठनं? अकरावा, तेरावा कुठनं?

ते मला बेदाण्याच्या शेडमध्ये कळलं. आई तिथं बेदाणा निवडायला जाते. मी डबा घेऊन गेले होते. शेडमध्ये जाळीचे मजले असतात, एकावर एक, द्राक्षं वाळवायला. मी बघत उभी राहिले. सा धर. रे सोड. ग घे. म सोड. प घे. ध सोड. नी घे. हा झाला खालचा मजला, एक आड एक. आता असंच पुढं चढत रहा. वरच्या मजल्यावर काय येतं? रे. म. ध. खाली ज्यांना सोडून दिलं तेच. तेच नववा, अकरावा, तेरावा. आणि गंमत म्हणजे कॉर्डचा सगळा रंग ह्या तिघांचा. साधा सा-ग-प शाळेच्या प्रार्थनेत पण वाजतो. वरचे आले की कॉर्ड वयात येतो. म तेवढा त्रास देतो, खालच्या ग ला घासतो. मग त्याला अर्धं घर वर सरकवायचं, तीव्र करायचं. मग तो चमकतो.

अजून एक. दहा बोटांत एवढं सगळं मावत नाही. मग कुणाला काढायचं? मला वाटलं होतं वरच्यांना काढतात. न्हाई. सगळ्यात आधी सा ला काढतात. सा बेसवाला वाजवतो की, तुझी काय गरज. हे वाचून मी शेडमध्ये एकटीच हसले. आई म्हणाली, "काय झालं गं, फोनमदी कोण दिसलं?"

म्हटलं, "आई, सा शिवाय चालतंय."

"कुणाशिवाय?"

"जाऊ दे."

तर अशी मी सांगलीला गेले होते. विश्रामबागला सरांचा क्लास, बंगल्यात. सर जॅझचा ग्रुप बांधणार होते, पियानोवर बसायला कुणीतरी पाहिजे होतं, निवड ठेवली होती. निवड झाली की त्या पियानोवर रोज बसायला मिळणार होतं. खऱ्या. मला बाकी काही नको होतं. ते स्टूल पाहिजे होतं.

मी डी मायनर नाइन, जी थर्टीन, सी मेजर नाइन वाजवलं. तिन्ही पांढऱ्या कीजवर. सा सोडून, वरचे घेऊन. खोली गप झाली होती. सरांनी मान वर केली होती. त्यांना आवडलं होतं, मी बघितलंय ते, मला कुणी सांगू नका. मग ते म्हणाले, काळी दोन.

हसून झाल्यावर सरांनी विचारलं, "वडील काय करतात?"

सांगितलं.

"अच्छा." त्या अच्छामध्ये सगळं आलं. "बघ, तुमच्या लोकांचा ठेका रक्तातच असतो. हात ठेक्याचा आहे तुझा. हार्मनी हे डोक्याचं काम. त्याला घरात तसं वातावरण लागतं."

पप्पा बाहेर व्हरांड्यात बसले होते. चपला काढून, लादीवर, खुर्ची असताना. सर बाहेर गेले आणि त्यांना म्हणाले, "पियानोला नाही जमणार. पण ऑक्टोपॅडला ठेवून घेऊ हिला."

पप्पा उठले. हात जोडले. "चालंल की सर. आवं, लय उपकार झाले."

माईकवर अख्खी गल्ली हलवणारा माणूस. हात जोडून उभा, आणि उपकार म्हणतोय.

मी म्हटलं, "नाही चालणार."

सर म्हणाले, "काय?"

"ऑक्टोपॅड मला नको. मी पियानोला आले होते."

"मग तयारी करून ये," ईशान आतनं म्हणाला. "चार्जर पण आण."

परत हसले.

कवलापूर आलं तसं पप्पा गाडीवर म्हणाले, "ऑक्टोपॅड तर ऑक्टोपॅड. आत तर शिरली असतीस."

"तुम्ही हात का जोडले?"

"कामासाठी जोडावं लागत्यात."

"ते काम देत नव्हते पप्पा. जागा दाखवत होते."

त्यांनी गाडी जोरात मारली.

घरी आले, एमसील आणलं, मळलं, आणि कॅसिओच्या त्या बटनावर थापलं. वाळल्यावर दगड झाला. सकाळी पप्पांनी बघितलं.

"ए बाय, हे काय केलंस? उद्या आटपाडीची सुपारी हाय."

"वाजवते की."

"बटनाबिगर? माझा घसा बघ. काळी चार लागणार हाय."

"मग काळी चार वाजवते."

"येतंय व्हय तुला?"

नव्हतं येत.

आटपाडीच्या वरातीत माझी अब्रू गेली. टेम्पो हलतोय, काळ्या कीजवर बोटं घसरतायत, पप्पा गातायत आणि मी भलतीकडंच. नाचणारी पोरं थांबली. नवरदेवाचा मित्र ओरडला, "ए कॅसिओवाली, गाडी बंद पडली का गं? धक्का मारू?" ऑक्टोपॅडवर आमचा बाळूदादा असतो, तो ठेका वाढवून माझं झाकत होता. म्हणाला, "तू नुस्ती बोटं हलीव, मी सांभाळतो." मी म्हटलं, "दादा, झाकू नकोस. ऐकू दे सगळ्यांना." तो म्हणाला, "येड लागलं हिला." पप्पा त्या दिवशी माझ्याबरोबर जेवायला बसले नाहीत.

पण बटन गेलेलं. मागं जायची वाटच ठेवली नव्हती मी. जसा घसा, तशी पट्टी, हातानं. घरी कॅसिओ चौरंगावर, मी खाली मांडी घालून. एकच चाल, मायनर नाइन, मग थर्टीन, मग मेजर नाइन. पांढरी एकपासून धरायचं, एक घर वर, परत एक घर वर, फिरून पांढरी एकला यायचं. काळ्या कीजवर हात वेगळा पडतो, मनगट आत घ्यावं लागतं, अंगठा आखडतो. काळी तीनला मी रडलेय. आई म्हणायची, "अगं एखादं गाणं तरी वाजीव, हे काय नुस्तं जिना चढल्यागत." रोज सुरुवात करताना मी ईशानचं ते वाक्य एकदा मोठ्यांदा म्हणायची. स्टूलाखाली बघ. म्हटलं की बोटं लागायची कामाला. लोक म्हणतात राग धरू नये. मला रागानं शिकवलंय. त्याची फी पण नव्हती.

वरातीत पण घालायला लागले. हळदीच्या गाण्याखाली नववा, तेरावा. नाचणाऱ्यांना कळत नव्हतं, पण बाळूदादा एकदा म्हणाला, "आज काय वाजीवलंस? पोटात खड्डा पडला गड्या." कुणीतरी त्या वरातीचा व्हिडिओ टाकला. तो फिरला.

आणि सरांचा फोन आला.

त्यांनी जिला घेतलं होतं ती शिकायला पुण्याला गेली होती. साताऱ्यात हायवेला एका हॉटेलात कार्यक्रम ठरलेला, पियानो तिथं आहे, माणूस नाही. "अगं, तुझा व्हिडिओ बघितला. मला तेव्हाच वाटलं होतं तुझ्यात काहीतरी आहे." असं म्हणाले. तेव्हाच. मी फोन कानाला धरून भिंतीकडं बघत होते. म्हटलं, येते.

पप्पांना वाटलं, झालं गेलं मिटलं. नवीन शर्ट घालून आले बरोबर.

हॉटेलची लॉबी भरलेली. साताऱ्यात असतात तसे मिलिटरीतनं रिटायर झालेले लोक पुढच्या खुर्च्यांवर, ताठ. पप्पा मागं भिंतीला उभे. मी स्टूलवर बसले. बेसगिटारवर मिरजेचा एक पोरगा होता, त्यानं मला मान हलवली. ईशान माईकवर. माझ्याकडं बघितलं पण नाही. एवढ्यावर थांबलं असतं ना, तर मी खरं सांगते, सरळ वाजवून घरी आले असते.

पण सरांनी माईक घेतला. सगळ्यांची ओळख करून दिली आणि मग माझ्याकडं हात केला. "आणि ही. आमच्याकडे पहिल्यांदा आली तेव्हा पियानोवर काय शोधत होती माहितीये? बटन." लोक हसले. "खरंच. स्टूलाखाली वाकून बघत होती. आणि आज बघा. मी नेहमी सांगतो, संधी दिली तर ही मुलंसुद्धा करू शकतात."

टाळ्या. त्यांच्यासाठी. ही मुलंसुद्धा.

माझी बेइज्जती पण ह्यांचीच. तीच सांगून टाळ्या पण ह्यांनाच. आणि शिकवलं काय मला? एक कॉर्ड नाही.

ईशानचं गाणं सुरू झालं. जुनं हिंदी गाणं, संथ, जॅझ करून बसवलेलं. पट्टी काळी दोन. त्याचा घसा तिथंच बसतो, रिहर्सलला मी ऐकलं होतं. वर अजून थोडी जागा होती. थोडीच.

पहिलं कडवं मी नीट वाजवलं. इतकं नीट की पुढचा एक म्हातारा सुभेदार डोळे मिटून बसला. कडवं संपलं आणि मी पुढच्या पट्टीचा प धरून त्याच्यावर तेरावा बांधला. हा कॉर्ड दाबला की कान आपोआप नवीन घरात जातो. गाणाऱ्याला दुसरा इलाज राहत नाही. मागं थांबला तर तोच बेसूर. पांढरी तीन. बेसवाल्यानं माझ्याकडं बघितलं, हसला, आणि आला मागनं. ईशान पण आला. लोकांना वाटलं बसवलेलंच आहे. टाळ्या पडल्या.

दुसरं कडवं संपलं. परत. पांढरी चार. ईशानच्या मानेवरची शीर वर आली. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा बघितलं.

सर बाजूला उभे राहून हात खाली, खाली करत होते. मला दिसत होतं. स्पष्ट.

काळी तीन.

वरच्या ओळीला त्याचा आवाज चिरला. चिरला म्हणजे कोंबडं मध्येच दाबावं तसा. त्यानं परत धरायला बघितलं, परत चिरला, आणि तो गप झाला. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग दोघं तिघं. हॉटेलातलं हसणं, तोंडावर रुमाल धरून. मी थांबले नाही. उरलेलं कडवं एकटीनं वाजवलं, काळी तीनमध्ये, जिथं मी रडले होते तिथंच. शेवटचा कॉर्ड पूर्ण उघडा सोडला. नववा, तीव्र म, तेरावा. सा सोडला होता, बेसवाल्यानं धरला. आवाज विरेपर्यंत पाय पेडलवर ठेवला.

ईशान माईक झाकून म्हणाला, "काय केलंस तू हे?"

"आवाज शोधतोयस? स्टूलाखाली बघ."

एवढंच बोलले.

मागच्या कॉरिडॉरमध्ये सरांनी मला गाठलं. "सांगली, मिरज, सातारा. कुठल्याच पियानोला तुला हात लावू देणार नाही. मला सगळे ओळखतात. तुमच्या लोकांना जवळ घेतलं की हे होतं."

"तुमच्या लोकांना म्हणजे?"

"तुला कळतंय मी काय म्हणतोय."

"मला कळतंय. तुम्ही बोला."

ते पाठ फिरवून गेले.

स्टँडवर पप्पा म्हणाले, "त्या पोराचा घसा फाडलास तू."

"व्हय."

"गाणाऱ्याचा घसा असा फाडू न्हाई. मी गाणारा हाय, मला ठावं हाय."

"आणि तुम्ही हात जोडलेले चालतात?"

ते इस्लामपूरच्या गाडीकडं बघत राहिले. ती आली, गेली. आमची अजून लागली नव्हती. पप्पांचं माझ्याशी अजून धड नाही. गातात, मी वाजवते, टेम्पोतनं उतरलो की गप. मला वाईट वाटतं. पण मी माफी मागितलेली नाही. मागणार नाही. गोड वागून बघितलेलं होतं आम्ही, दोन पिढ्या, हात जोडून.

सरांनी शब्द पाळला. मिरजेच्या क्लासला विचारलं, नाही म्हणाले. सांगलीत अजून एका ठिकाणी गेले, नाव ऐकून पियानोला कुलूप लावलं, माझ्यासमोर. ठीक आहे.

आता मी विहाराच्या हॉलमध्ये शिकवते. संध्याकाळी. आमच्या गल्लीतल्या पोरी जास्त आहेत, शाळेतल्या, दोन कॉलेजच्या. एकच कॅसिओ, पाळीनं. सा धर, रे सोड, ग घे. वरच्या मजल्यावर कोण आलं? बघ. आता पांढरी दोन. आता काळी चार. कुणाची बोटं अडली की मी सोडत नाही. परत म्हणते. परत. रडली तरी परत. त्यांच्या आया म्हणतात, जरा मायेनं शिकव की गं. मला माया येत नाही तिथं बसल्यावर. सरांच्या क्लासची परत निवड आहे, ह्या उन्हाळ्यात, जाहिरात आलीये, सर्वांसाठी खुली असं छापलंय. आम्ही सगळ्या जाणार. एकत्र. आत एकेक.

परवा त्यातलीच एक म्हणाली, "ताई, एवढं घासून काय उपयोग? ते घेणार हायत का आपल्याला?"

म्हटलं, "नाही घेणार."

"मग?"

मग हे. माझ्या वेळी त्यांना कारण मिळालं होतं. मीच दिलं होतं हातात. आता द्यायचं नाही. कुठलीही पट्टी मागू दे, कुठलाही कॉर्ड मागू दे, एकीचं बोट चुकायचं नाही. पुढचीचं पण नाही. त्याच्या पुढचीचं पण नाही. कारणं संपली पाहिजेत त्यांची. मग आम्ही नको का आहोत ते त्यांना तोंडानं म्हणावं लागेल. कॉरिडॉरमध्ये, दबक्या आवाजात नाही. सगळ्यांसमोर.

मला ते ऐकायचंय. त्याशिवाय मी तिथनं हलणार नाही.